बाया आल्यात

चिंचवाडी, ता. निफाड
१६ एप्रिल

चि. सौ. हर्षाली हिस,
आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं पत्रात आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

तू फोन उचलत नाहीस. नको उचलू. योगेश म्हणाला, आई, सारखा लावू नको, तिच्या घरचे चिडतात. म्हणून कागद घेतला. फोन वाजत राहतो, झोपलेल्या माणसाला उठवतो. पत्राचं तसं नाही. ते कळवणला तुमच्या फडताळात पडून राहील, मनात आलं तर उघडशील. माझं लिहिणं तुला ठाऊकच आहे. योगेश पाटी गिरवायचा तेव्हा भाकरी थापता थापता त्याच्या पाटीत डोकावून जेवढं हाताला लागलं तेवढं. वेलांटी चुकली तर सांभाळून घे.

द्राक्षाची बाग उतरली. वेलांची खरड छाटणी चालू झाली. आबा सकाळी कात्री घेऊन जातात, दुपारी जेवायला येतात, परत जातात. बोलत नाहीत. आधी तरी कुठं फार बोलायचे, पण आता त्यांचं न बोलणं कानाला लागतं.

शनिवारी योगेश आला होता, ओझरहून कंपनी सुटल्यावर थेट. दाढी वाढवलीय. नाशिकला आडगाव नाक्याच्या खोलीवर एकटा काय खातोस म्हटलं, तर म्हणाला डबा लावलाय. गॅलरीतल्या तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो म्हणाला. मी विचारलं नव्हतं, त्याचं त्यानंच सांगितलं.

मी बरी आहे. म्हणजे हातून काम सगळं होतं. धार काढते, दळण निवडते, मनुके वाळत घातलेत त्यावर कापड टाकते. तू दवाखान्यातून आईबरोबर परस्पर माहेरी गेलीस, त्या दिवसापासून आत काही हलतच नाही. लासलगाव इतकं जवळ, पडवीत कांद्याची पोती, आणि मला कांदा चिरताना डोळ्याला पाणी येत नाही. तुझी जाऊ म्हणाली, आई, एकदा डोळे दाखवून घ्या.

तुला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी बाजारातून हाळीव आणि डिंक आणला होता. तुझी जाऊ हसली होती, म्हणाली, बाळंतपण दिवाळीच्या तोंडावर, आणि हाळीव आत्तापासून? तो डबा फळीवर आहे. बाळंतिणीला काय घालायचं ते मला पाठ आहे. जिचं तिसऱ्या महिन्यात पोट पडलं तिला काय घालायचं ते मला कुणी शिकवलं नाही. अशा बाईला दुसऱ्या दिवशी शेतात पाठवायचे आणि तो विषय तिथंच संपायचा.

विहीणबाईंचा निरोप आला. आखाजीचा सण झाला की बसू म्हणाल्या, चार माणसं बोलवा, पोरीला आम्ही परत पाठवणार नाही, काय ते कागदावर करून टाकू. तुमच्या बागेतल्या बायांसाठी माझी गर्भार पोरगी राबवली, तिला द्राक्षाचे क्रेट उचलायला लावले, म्हणून पडलं, असं म्हणाल्या. तुलाही तसंच वाटतं असं निरोप घेऊन आलेला माणूस सांगत होता.

मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार.

तुला जे वाटतं ते तुझ्या तोंडून आलं नाही, म्हणून मी ते अजून धरलेलं नाही. तू जेवत जा.

तुझी,
आई (तू म्हणायचीस तसं)


चिंचवाडी
२२ एप्रिल

चि. हर्षाली,
आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मागच्या पत्रात मी बागेचं नि मनुक्याचं लिहीत बसले, जे लिहायचं ते राहिलं. आज तेवढंच लिहिते.

दवाखान्यात तुला गुंगीचं दिलं होतं. तुझी आई खाली चहा आणायला गेली होती. तेव्हा त्या डॉक्टरबाई आल्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, वयानं तुझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. योगेशला विचारलं, मागच्या महिन्यात हिला ताप, पुरळ असं काही झालं होतं का? योगेशला आधी आठवेना. मग म्हणाला, हो, तोंडावर नि मानेवर लालसर उठलं होतं, कानामागं गाठी आल्या होत्या, सांधे दुखतात म्हणत होती. आम्हाला वाटलं ऊन लागलं. दोन-तीन दिवसांत गेलं, म्हणून कुणाला दाखवलं नाही. डॉक्टरबाईंनी मान हलवली. रक्त तपासायला पाठवते म्हणाल्या.

त्याचं उत्तर यायच्या आधी तू कळवणला गेली होतीस. मग मी आणि योगेशच गेलो. मी म्हटलं मला बसू द्या, मला समजून घ्यायचंय. त्यांनी बसू दिलं.

त्या आजाराला रुबेला म्हणतात. मी त्यांना ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. ऐकायला एखाद्या मुलीचं नाव वाटतं. गोवरासारखाच, पण गोवर नव्हे, त्याची लांबची बहीण म्हण. लहान पोरांना झाला तर पुरळ येतं, अंग कोमट होतं, पोरं खेळत राहतात. मोठ्या माणसालाही फार होत नाही. पण बाईला नुकते दिवस गेलेले असले, पहिले तीन महिने असले, तर तो आईच्या रक्तातून वारेत उतरतो आणि तिथून बाळापर्यंत जातो. मग कधी पोट पडतं. कधी बाळ राहतं, पण त्याचे कान, डोळे, काळीज बिघडलेलं असतं. त्यावर पोटात असताना काही औषध नाही. आधी लस घेतलेली असली तर होत नाही. तुझ्या लहानपणी ही लस सरकारी दवाखान्यात नव्हतीच गं, नंतर आली.

मी विचारलं, आमच्या सुनेचं काय चुकलं? त्या म्हणाल्या, काही नाही. अमुक एका गोष्टीनंच झालं असं शंभर टक्के कुणी सांगत नसतं, पण रक्तात जे दिसलं आणि पुरळ जेव्हा उठलं, ते बघता हाच आजार कारण दिसतो.

बाहेर येऊन योगेश जिन्यात बसला. मी उभी राहिले. माझ्या मनात एवढंच आलं, की माझ्या पिशवीत घरून आणलेली भाकरी आहे आणि ती वाळत चाललीय.

योगेशनं हे तुझ्या घरी कळवलं. विहीणबाई म्हणाल्या म्हणे, डॉक्टरला पढवलंय. मला राग आला नाही. माझी लेक असती आणि ती अशी भिंतीकडे तोंड करून पडली असती, तर मीही कुणाला तरी धरलंच असतं. पण तू फोन हातात घेऊन एवढंच विचारलंस म्हणे, मला हा आजार कुठून होणार? आणि योगेश गप्प बसला.

त्याला गप्प मी बसवलंय.

पुढचं एका बैठकीत लिहून होत नाही. बाकीचं पुढच्या पत्रात.

तुझी आई


चिंचवाडी
२७ एप्रिल

चि. हर्षाली,

आज सगळं लिहिते. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. तुझ्या जावेची सायली आता अक्षरं जुळवायला लागलीय, बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचते. हे कधी तिच्या हाताला लागायला नको. तिला काही ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायचं कारण नाही.

मार्चमधे सायलीला बाया आल्या होत्या.

अंगभर बारीक पुरळ उठलं, ताप फार नव्हता. आमच्याकडे अशा वेळी आजाराचं नाव घेत नाहीत. गोवर असो, कांजिण्या असो, आणखी काही असो, बाया आल्यात एवढंच म्हणायचं. नाव घेतलं की त्या रुसतात आणि पोराच्या डोळ्यात उतरतात असं माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. दाराला निंबाचा डहाळा लावायचा. घरात फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, थंड खायचं. आणि गर्भार बाईनं त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. असं का, ते सासूलाही ठाऊक नव्हतं. मी तर इतकी वर्षं त्याला रीतच समजत होते. परवा डॉक्टरबाईंसमोर बसल्यावर कळलं की रीत नव्हती, शहाणपण होतं, फक्त त्याचं कारण कुठंतरी वाटेत गळून पडलेलं.

सायली लॉकडाउनमधली पोर. तेव्हा एक सुई राहिली ती राहिलीच. तुझ्या जावेला वाटलं झाली, मला वाटलं तिनं बघितलं.

म्हणून मी तुला फोन केला होता. आठवतं का? मी स्वतः केला. बाया आल्यात, तू येऊ नको, असं सांगितलं. आणि तू दुसऱ्या दिवशी आलीस.

त्या दिवशी बागेत तोड चालू होती. मी टाकीजवळ क्रेट धूत होते. वाऱ्याबरोबर फोडणीचा वास आला. मोहरी, लसूण, लाल तिखट. दोन-तीन दिवस घरात फोडणी नव्हती, दहीभात नि उकडलेलं खात होतो. हातातला क्रेट तिथंच टाकला. धावत आले. तू बागेतून मागच्या दारानं आत शिरली होतीस, पुढच्या दाराचा डहाळा तुला दिसलाच नव्हता, हे मला आज लिहिताना सुचतंय. ओसरीतले क्रेट बाजूला सरकवले होतेस. पदर खोचून मोठ्या पातेल्यात मजुरीच्या बायांसाठी कालवण टाकलं होतंस. आणि सायली तुझ्या कडेवर, तुझ्या खांद्यावर तोंड घासत होती. मी तिला ओढून घेतलं. आजाराचं नाव घ्यायचं नाही म्हणून तुझ्या जावेनं घाबरून तुला म्हटलं, घामोळ्या आल्यात तिला.

मी तुला एवढंच बोलले, "बाया आल्यात म्हटलं होतं ना तुला?"

तू म्हणालीस, "म्हणून तर आले."

ते मला फार लागलं, हर्षाली. मला वाटलं, शिकलेली पोरगी आहे, बी.कॉम. झालेली, बायाबिया मानत नाही, आणि ते माझ्या तोंडावर सांगायला आली. मुद्दाम फोडणी दिली असं वाटलं. ते पातेलं मी बाहेर नेऊन ठेवलं. संध्याकाळभर तुझ्याशी बोलले नाही. तूही मान खाली घालून बसलीस. सकाळी योगेश गाडी घेऊन आला आणि तू पाया पडून गेलीस. पाया पडलीस तेव्हा मी आशीर्वाद दिला, पण तो नुसता ओठांनी.

तुला आजार आमच्या घरातून आला. सायलीकडून. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण मी सगळ्यांना सांगितलं होतं की पोरीचं नाव कुणी काढायचं नाही. पाच वर्षांच्या पोरीवर हे ओझं कसं टाकू? ती अजून विचारते, काकूचं बाळ कधी येणार. तिला मी सांगते, काकूला विचारू.

विहीणबाई म्हणतात मी तुला राबायला बोलावलं. मी बोलावलं नव्हतं. मी तर अडवलं होतं. हे चार माणसांत मला सांगता येईल, पण मग ती चार माणसं म्हणतील, सांगूनही आली म्हणजे पोरीचंच चुकलं. ते मला होऊ द्यायचं नाही. म्हणून बैठकीत मी तोंड उघडणार नाही. तुला कागद हवा असेल तर योगेश सही करेल, मी त्याला अडवणार नाही.

फक्त मला सांग. भांडायला विचारत नाही. मी येऊ नको म्हटलं होतं, मग तू का आलीस?

तुझी आई


कळवण
३ मे

ती. आईंना,
सा. न.

तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन आखाजीच्या दिवशी एकदम वाचली. तिसरं आज आलं.

तिसऱ्या पत्रात 'बाया' या शब्दावर मी थांबले. मग ती ओळ परत वाचली. मग बाहेर ओट्यावर जाऊन परत वाचली.

आई, मी मजुरीच्या बाया समजले होते.

तुमचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तुम्ही म्हणालात, घरी बाया आल्यात गं, तू काही येऊ नको, तुझ्यानं झेपायचं नाही. मला वाटलं तोड चालू झाली, घरात बायांचं चहापाणी, जेवणखाण, आणि तुम्ही एकट्या. जाऊबाईंची कंबर धरलीय हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे अंगावर आलं तर मातामाय म्हणतात. बाया कुणी म्हणत नाही.

आणि लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं एक गोष्ट मला बजावून सांगितली होती. सासू येऊ नको म्हणाली की समजायचं, ये म्हणतेय. ती तोंडानं बोलावणार नाही, आपण समजून जायचं. मी योगेशला म्हटलं, आई तोंडानं म्हणणार नाहीत, मी जाऊन येते. तो म्हणाला, नको म्हणालीय ना? मी म्हटलं, तुला नाही कळत.

बागेतून आले तर खरोखर बाया होत्या. त्यांनी हाक मारली, धाकटी मालकीण आली म्हणाल्या. म्हणून 'म्हणून तर आले' म्हणाले. तुम्ही पातेलं उचलून बाहेर नेलंत तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही. मी नाशिकला जाईपर्यंत तेच घोकत होते.

तुमचं पत्र मी माझ्या आईला वाचून दाखवलं. ती उठली. दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेली. आज गिरणी बंद असते.

मला एकच विचारायचं आहे. पुरळाचं कळलं, आजाराचं कळलं. पण त्या दिवशी ओसरीतले क्रेट मी हलवले होते. क्रेटवर क्रेट होते आणि वरचे भरलेले होते. डॉक्टर खरंच म्हणाल्या का, की त्यानं काही झालं नाही? की तुम्ही मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत? कारण मी ते क्रेट अजून उचलते आहे. दिवसा, जेवताना, झोपेत. सारखी तेच उचलते.

सायलीला काही बोलू नका.

हर्षाली


चिंचवाडी
८ मे

चि. हर्षाली,

तुझं पत्र पोस्टमननं आबांच्या हातात दिलं. आबांनी ते न उघडता माझ्यापुढं ठेवलं आणि कात्री घेऊन बाहेर जाऊन बसले. पण बागेकडे गेले नाहीत. दारातच बसले.

'मजुरीच्या बाया' वाचलं आणि मला हसू आलं. खरंच सांगते, आधी हसूच आलं. मी हसते हे ऐकून तुझी जाऊ आतून आली. मग तिला वाचून दाखवायला गेले आणि मधेच कागद तिच्या हातात दिला. पडवीत बसले. कांदा नव्हता, सुरी नव्हती, काही नव्हतं, नुसतंच डोळ्यातून यायला लागलं. आबा आत आले, माझ्याकडे बघितलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं." काय बरं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मग बागेत गेले.

तुझ्या क्रेटचं.

तुला वाटलं मी बरं वाटावं म्हणून लिहिलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे, मी ते विचारलंच नव्हतं. काय चुकलं एवढंच विचारलं होतं. म्हणून परवा मी योगेशला घेऊन परत गेले. डॉक्टरबाई घाईत होत्या, दारातच गाठलं. म्हटलं, माझ्या सुनेनं द्राक्षाचे भरलेले क्रेट सरकवले होते, मला त्याचं उत्तर हवंय, आणि खरं हवंय. त्या थांबल्या. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आजी, शेतात काम करणाऱ्या बायका नवव्या महिन्यापर्यंत वाकतात, उचलतात. एका दिवशी दोन-चार क्रेट सरकवल्यानं धडधाकट गर्भ पडत नाही. तिला सांगा, क्रेट खाली ठेव म्हणावं."

हे त्यांचे शब्द आहेत. माझे नाहीत. मी घरी येईपर्यंत ते मनात घट्ट धरून ठेवले, एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. जीपमधे शेजारच्या बाईशी बोलले नाही.

क्रेट खाली ठेव गं.

आणखी एक विचारून घेतलं. हा आजार एकदा अंगावरून गेला की पुन्हा होत नाही. तुला आता तो व्हायचा नाही. पुढं कधी तुला वाटलं, तुला, दुसऱ्या कुणाला नाही, तर आधी एकदा रक्त तपासून बघायचं आणि मग मनात किंतू ठेवायचा नाही. आणि वाटलं नाही तर नाही. मी विचारणार नाही, आणि या घरात कुणाला विचारू देणार नाही.

सायलीला राहिलेली सुई देऊन आणली. अंगणवाडीतल्या बाईंनी विचारलं, कशाची द्यायची राहिली? तुझी जाऊ खाली बघायला लागली. मी नाव घेतलं. गोवर आणि रुबेला. मोठ्यानं घेतलं. कुणी रुसलं नाही. सायली रडली आणि मग तिला गूळ-शेंगदाणे दिले.

काल शेजारची सरुबाई पाण्याला आली होती, म्हणाली, भिकनच्या घरी बाया आल्यात. मी विचारलं, कुठल्या? मजुरीच्या का अंगावरच्या? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "म्हातारे, तुला काय भ्रमबिम झाला का?" मी म्हटलं, झाला असं समज, पण सांग. अंगावरच्या म्हणाली. मग मी तिला म्हटलं, कोंडाजीच्या सुनेला दिवस गेलेत, ती भिकनच्या घरी रोज दूध घालते, तिला आजपासून दूध घालू देऊ नको. ती म्हणाली, तिला कसं सांगू, तिला राग येईल. मी म्हटलं, तिला असं नको सांगू की बाया आल्यात. तिला सांग, पोराला पुरळ उठलंय, ते पोटातल्या बाळाला बाधतं, डॉक्टरला दाखवेपर्यंत जाऊ नको. शब्द असे पुरे वापर. आपण अर्धेच शब्द बोलतो आणि उरलेले समोरच्यानं भरायचे. समोरची बाई तिच्या गावचे भरते.

हे मी सरुबाईला म्हणाले, पण मला माझंच ऐकू येत होतं.

विहीणबाईंना सांग, दळण आणायला गिरणी बंद असताना गेल्या तरी मला समजतं. मी त्यांच्यावर चिडलेली नाही. त्यांनी तुला सासूचं 'नको' कसं ओळखायचं ते शिकवलं, ते माझ्याही आईनं मला शिकवलं होतं. मी नवी सून होते तेव्हा सासू नको म्हणाली की उठून जायचे. आणि पुढं मी सासू झाले तेव्हा तेच 'नको' वापरायला लागले, तुला नि तुझ्या जावेला. कितीदा वापरलं असेल. तू भाकरी करायला येऊ नको, मी करते, असं म्हणून मी वाट बघायचे की कोण उठतं. मग एकदा खरंच नको होतं, आणि ते सांगायला माझ्याकडे वेगळा शब्दच नव्हता.

रविवारी बैठक आहे. मी येणार आहे. आबाही येतील. कागद आणलेला असेल तर असू दे. मी तिथं काही बोलणार नाही असं मागं लिहिलं होतं, ते मी परत घेते. मी बोलणार. सायलीचं नाव न घेता जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगणार. शब्दाची चूक झाली, पोरीची नाही, असं सांगणार. त्यावर कुणी हसलं तर हसू दे. त्यानंतर तू काय ठरवशील ते तुझं.

योगेशबरोबर डबा पाठवते. त्यात हाळीवाचे लाडू आहेत, खोबरं नि गूळ घालून, डिंक तळून. कुणाला काय घालायचं असतं ते मी कुणाला विचारलं नाही. तुझं रक्त गेलंय, अंग खंगलंय, ते भरून यायला हवं, बाळ असो नसो. सकाळी एक खात जा. तुझ्या आईलाही दे.

सायलीनं एक लाडू वळलाय. तो वेडावाकडा आहे, ओळखू येईल.

आता एक ठरवलंय, तुला सांगून ठेवते, म्हणजे पुढं घोळ होणार नाही. यापुढं मी नको म्हणाले तर त्याचा अर्थ नको. समजून घेऊन येत बसायचं नाही. आणि ये म्हणाले तर त्याचा अर्थ ये. त्यात राबायला ये नाही, बैठकीमुळं ये नाही, योगेशच्या दाढीसाठी ये नाही, लोक काय म्हणतील म्हणून ये नाही.

ये.

तुझी,
आई